आसवनी अपशिष्ट जलाचे सूक्ष्मजैविक संस्करण

उसाच्या मळीचे किण्वन (आंबविण्याची क्रिया) करून तिच्यातील अल्कोहॉल ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर स्तंभाच्या तळाशी गर्द तपकिरी, अम्लधर्मी व अतिशय तप्त असे पाणी उरते. उद्योगात त्यास ‘स्पेंट वॉश’ असे म्हणतात. आसवनींच्या, म्हणजे व्यवहारातील डिस्टिलरींच्या, आसपासच्या गावांत ते ‘मळीचे पाणी’ म्हणून ओळखले जाते. त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे व रंगद्रव्यांचे सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने विघटन करणे, म्हणजे या पाण्याचे सूक्ष्मजैविक संस्करण होय. सेंद्रिय द्रव्यांपैकी बराच मोठा भाग सूक्ष्मजीव सहज पचवितात, रंग मात्र पचवीत नाहीत. या शाखेतील गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील बहुतेक संशोधन या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरत आले आहे.

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट आहे. साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर उरणारा काळसर, दाट द्रव या अर्थाने ‘मळी’ हा शब्द येथे वापरला आहे. ऊस पिकविणारे शेतकरी मात्र रस निवळताना व गाळताना निघणाऱ्या ओलसर गाळालाही मळीच म्हणतात व तो खत म्हणून शेतात घालतात. या गाळाचा उल्लेख पुढे ‘प्रेसमड’ असा केला आहे.

स्वरूप व प्रदूषणक्षमता : एक टन ऊस गाळला असता सु. ४० ते ४५ किग्रॅ. मळी मिळते. तीत वजनाने साधारणपणे निम्मा भाग शर्करांचा असतो. एक टन मळीपासून सु. २२० ते २६० लि. अल्कोहॉल मिळते. जुन्या पद्धतीच्या आसवनींत दर लिटर अल्कोहॉलामागे १२ ते १५ लि. स्पेंट वॉश बाहेर पडत असे. अखंड किण्वनाच्या व पाण्याच्या पुनर्वापराच्या आधुनिक पद्धतींनी हे प्रमाण ८ लि. किंवा त्याहून खाली आणता येते. प्रमाण घटले तरी त्यातील द्रव्यांचा एकूण भार फारसा घटत नाही, ती अधिक संहत (दाट) होतात एवढेच.

कच्च्या स्पेंट वॉशचे पीएच मूल्य सु. ४ असते व स्तंभातून बाहेर पडताना त्याचे तापमान ७०° से. पेक्षा जास्त असते. त्याची जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील द्रव्यांचे विघटन करताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन, दर लिटरला ४०,००० ते ६०,००० मिग्रॅ. इतकी व रासायनिक ऑक्सिजन मागणी ८०,००० ते १,२०,००० मिग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक असते. घरगुती सांडपाण्याची जैव-रासायनिक मागणी दर लिटरला सु. २०० ते ३०० मिग्रॅ. असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. दररोज ३०,००० लि. अल्कोहॉल तयार करणारी मध्यम आकाराची आसवनी घेतली व लिटरमागे १२ लि. स्पेंट वॉश धरला, तर दररोज ३६० घ. मी. पाणी बाहेर पडेल. दर लिटरला ५०,००० मिग्रॅ. मागणी धरल्यास त्यातील भार १८,००० किग्रॅ. होतो. दरडोई दररोज ४५ ग्रॅ. हा नेहमीचा हिशेब लावला, तर चार लाख वस्तीच्या शहराच्या सांडपाण्याइतका भार एकट्या आसवनीतून बाहेर पडतो.

या पाण्यात विषारी म्हणता येतील अशी द्रव्ये तुलनेने थोडी असतात, पण त्यामुळे त्याचा धोका कमी होत नाही. पाण्यात सहज विघटनशील द्रव्ये एकदम मिसळली की, सूक्ष्मजंतूंची अतोनात वाढ होते व ते पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन काही तासांत संपवितात. मग मासे गुदमरून मरतात. मे २०१८ मध्ये पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात एका साखर कारखान्यातील मळी बिआस नदीत गेली, तेव्हा नदीतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले. तेथे पाण्यात गेली ती मुख्यतः साखरच होती. स्पेंट वॉशमध्ये याखेरीज पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइडे व सल्फेटे विपुल असतात. पोटॅशाचे प्रमाण दर लिटरला सु. १० ग्रॅ. पर्यंत असू शकते. म्हणूनच हे पाणी एकाच वेळी प्रदूषक व खतद्रव्य ठरते. अस्तर नसलेल्या तळ्यांत ते साठविल्यास जमिनीत मुरते व आसपासच्या विहिरींचे पाणी तांबूस, खारट व वापरण्यास निरुपयोगी करते. उघड्यावरील प्रदूषण एका पुराने वाहून जाते. भूजलात शिरलेला रंग व क्षार मात्र तेथे वर्षानुवर्षे टिकून राहतात.

रंगद्रव्ये : स्पेंट वॉशच्या रंगाला मुख्यतः मेलॅनॉयडिने ही बहुवारिके कारणीभूत असतात. शर्करा व ॲमिनो अम्ले एकत्र तापविल्यास त्यांच्यात विक्रिया होऊन तपकिरी द्रव्ये बनतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली दाखविले. भाकरीच्या पापुद्र्यावर पडणारे डाग, भाजलेल्या शेंगदाण्यांचा व कॉफीच्या बियांचा रंग आणि खमंग वास ही सर्व या मायार विक्रियेचीच फळे होत. साखर कारखान्यात रस तापविताना, आटविताना, स्फटिकीकरण करताना व नंतर उन्हाळ्यात मळी टाक्यांत साठली असताना ही विक्रिया सतत चालू असते. ऊर्ध्वपातनातील उष्णतेने तीत आणखी भर पडते. मेलॅनॉयडिनांबरोबर शर्करा जळून होणारी कॅरॅमेले, शर्करांच्या क्षारीय विघटनाने बनणारी द्रव्ये व उसातूनच आलेली फेनॉलिक द्रव्येही रंगात भर घालतात. स्पेंट वॉशमध्ये मेलॅनॉयडिनांचे प्रमाण वजनाने सु. २ टक्के असते व त्यांचा रेणुभार सामान्यतः ५,००० ते ४०,००० असतो.

मेलॅनॉयडिनांची संरचना एकसारखी नसते. प्रथिने अगर सेल्युलोज यांत ठराविक दुव्यांची पुनरावृत्ती असते, त्यामुळे ते दुवे तोडणारी एंझाइमे सूक्ष्मजीवांच्या ठायी निर्माण झाली आहेत. मेलॅनॉयडिनात असा ठराविक दुवाच नसल्याने त्याच्यासाठी घडलेले एंझाइमही नाही. शिवाय ही द्रव्ये ऑक्सिडीभवनास विरोध करतात, तांबे, जस्त, लोह यांसारख्या धातूंना घट्ट बांधून ठेवतात आणि काही सूक्ष्मजंतूंची वाढही रोखतात. खाद्यपदार्थ टिकून राहण्यास उपयुक्त असलेले हे गुणधर्म सांडपाण्याच्या बाबतीत अडचणीचे ठरतात.

नदीत गेल्यावर रंगाचा स्वतंत्र परिणाम होतो. सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, शैवलांचे व जलवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते व ऑक्सिजनाचा नैसर्गिक पुरवठा नेमका हवा असतो तेव्हाच घटतो. जमिनीवर सोडलेल्या गडद पाण्याने बियांच्या अंकुरणास अडथळा होतो, असेही आढळले आहे.

अवायुजीवी पचन : ऑक्सिजनाच्या अभावी सेंद्रिय द्रव्यांचे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करणारी ही पद्धत आसवनींच्या दृष्टीने सर्वांत यशस्वी ठरली आहे. गोबर वायू संयंत्रात घडते तीच क्रिया येथे मोठ्या प्रमाणावर व अधिक वेगाने घडविली जाते. तीत अनेक प्रकारच्या सूक्ष्मजीवांची साखळी काम करते. प्रथम मोठ्या रेणूंचे जलीय विच्छेदन होते, नंतर अम्लजनक सूक्ष्मजंतू त्यांपासून बाष्पनशील अम्ले बनवितात, आणखी एक गट या अम्लांचे ॲसिटिक अम्ल, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतो व अखेरीस मिथॅनोसार्सिना, मिथॅनोथ्रिक्स यांसारखे मिथेनजनक त्यांपासून मिथेन तयार करतात. मिथेनजनक हे दिसावयास सूक्ष्मजंतूंसारखे असले, तरी ते जीवसृष्टीच्या एका निराळ्याच शाखेतील, आर्किया गटातील, आहेत असे कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले.

मिथेनजनकांची वाढ अतिशय मंद असते व ते पीएच मूल्यातील बदलास फार संवेदनशील असतात. अम्लजनकांनी बनविलेले अम्ल ते वेळेवर संपवू शकले नाहीत, तर टाकी ‘आंबते’, म्हणजे पीएच मूल्य उतरते, वायू बंद होतो व टाकी पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात. कुशल चालक त्यामुळे वायूच्या मापापेक्षा टाकीतील बाष्पनशील अम्ले व क्षारता यांच्या गुणोत्तरावर अधिक लक्ष ठेवतो, कारण बिघाडाची पहिली खूण तेथे दिसते. आत येणारा स्पेंट वॉश अम्लधर्मी असूनही एरवी तो चुन्याने उदासीन करावा लागत नाही. पचन झालेल्या द्रवातील क्षारता त्यास पुरेशी असते, म्हणून त्याचा काही भाग परत आत फिरविला जातो. तापमान मात्र ३५° ते ३८° से. पर्यंत उतरवावे लागते.

मंद वाढणारे हे सूक्ष्मजीव प्रवाहाबरोबर वाहून जाऊ नयेत, यासाठी नेदरलँड्समध्ये खात्झे लेटिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात ऊर्ध्वप्रवाही गाळ-थर संयंत्र विकसित केले. त्यात पाणी तळातून वर चढते व सूक्ष्मजीव परस्परांना चिकटून त्यांचे जड कण बनतात. हे कण तळाशीच राहतात व वर वायू, द्रव व गाळ वेगळे करणारी रचना असते. ढवळण-टाक्या व स्थिर आधारावर सूक्ष्मजीवांचा थर वाढविणारी संयंत्रेही वापरात आहेत. गाळप हंगाम संपल्यावर किंवा मळी नसल्याने आसवनी काही महिने बंद राहिली, तरी या गाळातील सूक्ष्मजीव उपाशी अवस्थेत टिकून राहतात व पुन्हा अन्न मिळताच कार्यक्षम होतात. महाराष्ट्रातील हंगामी उद्योगाच्या दृष्टीने ही सोय मोलाची ठरली आहे.

या पचनाने जैव-रासायनिक मागणीत ८० ते ९० टक्के व रासायनिक मागणीत ६० ते ७० टक्के घट होते. दर घ. मी. स्पेंट वॉशपासून सु. ३० घ. मी. वायू मिळतो व त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. वर घेतलेल्या उदाहरणातील आसवनीला अशा प्रकारे दररोज सु. १०,००० घ. मी. वायू मिळेल. तो बाष्पित्रात जाळल्यास ऊर्ध्वपातनासाठी लागणाऱ्या वाफेचा मोठा भाग भागतो. प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च भरून निघाल्याचे उदाहरण औद्योगिक क्षेत्रात क्वचितच आढळते. आसवनींनी ही पद्धत आपणहून स्वीकारली याचे कारण हेच आहे.

स्पेंट वॉशमधील सल्फेटांमुळे एक उपद्रव मात्र होतो. डिसल्फोव्हिब्रिओसारखे सल्फेट-क्षपणकारी सूक्ष्मजंतू त्यांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू मिथेनजनकांना बाधक असून इंजिनांचे व बाष्पित्रांच्या नळ्यांचे संक्षारण (गंजणे) करतो, शिवाय तो माणसालाही घातक आहे. त्याचे निवारणही सूक्ष्मजीवांकरवी करता येते. थायोबॅसिलस व तत्सम सूक्ष्मजंतू मर्यादित ऑक्सिजनात त्याचे मूलद्रव्यी गंधकात रूपांतर करतात.

पचनानंतरच्या पाण्याची जैव-रासायनिक मागणी दर लिटरला ५,००० मिग्रॅ. किंवा अधिक असते. ती आणखी उतरविण्यासाठी वायुमिश्रित टाक्यांत सक्रियित गाळ प्रक्रिया करतात. तथापि या दोन्ही टप्प्यांनी रंग जवळजवळ तसाच राहतो, कित्येकदा तो अधिक गडदही दिसतो. पीएच मूल्य वाढल्याने मेलॅनॉयडिनांचा रंग खुलतो व पचनाच्या काळात काही रंगद्रव्यांचे पुन्हा बहुवारिकीकरण होते, ही त्याची कारणे सांगितली जातात. त्यामुळे भार नऊ-दशांश उतरविलेले पाणीही पाहणाऱ्यास पूर्वीइतकेच घाण वाटते. गावकरी व कारखाना यांच्यातील वादात दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असतात, याचे एक कारण येथे आहे.

रंगनाशक कवके : मेलॅनॉयडिनासाठी घडलेले एंझाइम नसले, तरी अशाच अनियमित संरचनेच्या एका द्रव्याचे विघटन निसर्गात सतत चालू असते. ते द्रव्य म्हणजे लाकडातील लिग्निन होय. त्याचे संपूर्ण विघटन करून लाकूड पांढरे व तंतुमय करणाऱ्या कवकांना श्वेत-कूज कवके म्हणतात. जंगलात कुजणाऱ्या ओंडक्यांवर पंख्यासारखी, रंगीत वलयांची छत्रे दिसतात, त्यांतील कित्येक याच गटातील असतात. ही कवके पेशीबाहेर अशी एंझाइमे सोडतात की, जी विशिष्ट दुवा ओळखून तोडीत नाहीत, तर अतिशय क्रियाशील मूलके निर्माण करून समोर येईल त्या द्रव्याचे ऑक्सिडीभवन घडवितात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या कवकातील लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये ओळखले गेले. मँगॅनीज पेरॉक्सिडेज व लॅकेज ही या गटातील इतर महत्त्वाची एंझाइमे होत. लॅकेज तर त्यापूर्वी शंभर वर्षे, १८८३ मध्ये, जपानी लाखवृक्षाच्या चिकात आढळले होते.

मेलॅनॉयडिनांच्या बाबतीत पद्धतशीर कार्य प्रथम जपानमध्ये झाले. १९८२ साली तेथील संशोधकांनी कोरिओलस वंशातील एका कवकाच्या साहाय्याने रंग घटतो व त्यामागे शर्करांचे ऑक्सिडीभवन करणारे एंझाइम आहे, असे दाखविले. हे एंझाइम शर्करेचे ऑक्सिडीभवन करताना हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते व ते रंगद्रव्याचे विरंजन करते. पेरॉक्सिडेजांनाही हायड्रोजन पेरॉक्साइड लागतेच. यावरून कवक मेलॅनॉयडिन ‘खाऊन’ जगत नाही, तर साखर खाऊन जगत असता त्याच्या अनुषंगाने रंग नष्ट करते, असा निष्कर्ष निघतो. कवकाधारित रंगनाशनाचे बळ व त्याची मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

कोरिओलस व्हर्सिकलर (आता ट्रॅमेटीस व्हर्सिकलर) व फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम यांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. विरल केलेल्या स्पेंट वॉशमधील रंगात अर्ध्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत व अनुकूल परिस्थितीत ८० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे वृत्तांत आहेत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी गवताच्या कुजणाऱ्या पानांवरून मिळविलेल्या फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस या कवकाने १० टक्के संहतीच्या स्पेंट वॉशमधील रंग आठ दिवसांत सु. ८० टक्के घटविला. हे कार्य २००१ साली प्रसिद्ध झाले. समुद्रातून आलेल्या कवकाला क्षारांचा त्रास कमी होतो व स्पेंट वॉश अतिशय क्षारयुक्त असते, म्हणून ही निवड विशेष समर्पक म्हणावी लागेल. नंतर हेच कवक पॉलियुरेथेन फेसाच्या तुकड्यांवर स्थिर करून वापरण्याचे प्रयोगही झाले. कूज कवकांखेरीज ॲस्परजिलस नायजर व ॲस्परजिलस वंशातील इतर बुरशींचाही उपयोग केला गेला आहे.

ॲस्परजिलसांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. पाण्याचा रंग उतरला म्हणजे रंगद्रव्य विघटित झालेच असे नाही. त्याचा काही भाग कवकतंतूंवर नुसता चिकटून बसतो (अधिशोषण) व मृत, निर्जंतुक केलेल्या कवकजालानेही तो चिकटतो. असे कवकजाल दाहक सोड्याच्या विद्रावात धुतल्यास रंग परत बाहेर येतो. तसेच कवकाने अम्ल सोडल्याने पीएच मूल्य उतरले, तरी मेलॅनॉयडिनांचा रंग फिका दिसतो व त्यांचा काही भाग साक्याच्या रूपाने खाली बसतो. रंगाचे मापन सामान्यतः ४७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजून करतात. हे मापन दोन्ही वेळी एकाच पीएच मूल्याला केले नसेल आणि मृत कवकाची तुलना केली नसेल, तर दिलेली टक्केवारी फारशी विश्वसनीय मानता येत नाही.

सूक्ष्मजंतू व नील-हरित शैवले : सूक्ष्मजंतू कवकांपेक्षा झपाट्याने वाढतात व उदासीन ते किंचित क्षारीय पाण्यात, म्हणजे पचनानंतरच्या स्पेंट वॉशमध्ये, सुखाने राहतात. स्यूडोमोनस पुटिडा व त्यानंतर एरोमोनस अशा दोन टप्प्यांच्या प्रयोगात पहिल्या टप्प्यातच रंगात सु. ६० टक्के घट आढळली (२००२). ग्लुकोज मात्र घालावे लागले. लॅक्टोबॅसिलस हिलगार्डी व बॅसिलस वंशातील जातींवरही कार्य झाले आहे. बाहेरून साखर न घालता काम करणारा जीव म्हणून ऑसिलॅटोरिया बोरियाना या सागरी नील-हरित शैवलाकडे पाहिले गेले. तिरुचिरापल्ली येथील संशोधनात (२००१) त्याने मेलॅनॉयडिनाचा कार्बन व नायट्रोजन यांचा स्रोत म्हणून वापर केला व ५ टक्के संहतीच्या स्पेंट वॉशमधील रंग ३० दिवसांत सु. ६० टक्के उतरविला. प्रकाशावर वाढणारा जीव गडद पाण्यात किती खोलवर काम करू शकेल, ही अडचण यात उघड आहे.

प्रयोगशाळा व कारखाना : चंबूत मिळालेले हे यश कारखान्यात फारसे उतरले नाही. कारण समजण्यास साधा हिशेब पुरतो. कवकासाठी स्पेंट वॉश दहापट विरल करावयाचे ठरविले, तर वरील आसवनीला दररोज ३६० घ. मी. ऐवजी ३,६०० घ. मी. पाणी हाताळावे लागेल. आठ दिवस मुक्काम धरल्यास टाक्यांची एकूण क्षमता २८,८०० घ. मी. हवी. एक टक्का ग्लुकोज घालावयाचे, तर दररोज ३६ टन शर्करा लागेल. ही आसवनी मळीतील जितकी शर्करा आंबविते तिच्या निम्म्याहून हे प्रमाण अधिक आहे. अवर्षणप्रवण भागातील कारखान्याला विरलीकरणासाठी एवढे पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न वेगळाच.

याशिवाय जैविक अडचणीही आहेत. फॅनेरोकीट हे कवक आपली लिग्निननाशक एंझाइमे मुख्यत्वे नायट्रोजनाची टंचाई झाल्यावर सोडते, स्पेंट वॉशमध्ये तर नायट्रोजन भरपूर असतो. कवकांना ४.५ ते ५ च्या आसपासचे पीएच मूल्य मानवते, पचनानंतरच्या पाण्याचे ते ७.५ ते ८ असते. निर्जंतुक न केलेल्या पाण्यात झपाट्याने वाढणारे सूक्ष्मजंतू घातलेली साखर कवकाच्या आधीच फस्त करतात. कवकतंतू ढवळणीला गुंडाळतात व नळ तुंबवितात. यांवरील उपाय म्हणून कवक फेसावर अगर भुशावर स्थिर करणे, बाहेरच्या शर्करेऐवजी उसाचा चोथा किंवा थोडी मळीच वापरणे आणि ओझोन अगर साखळण (तुरटी वा लोह-लवणांनी साका पाडणे) करून रंगद्रव्यांचा मोठा भाग आधीच काढणे, असे मार्ग सुचविले गेले आहेत. त्यांपैकी शेवटचा मार्ग व्यवहाराला अधिक जवळचा वाटतो. मात्र साक्याची विल्हेवाट लावण्याचे काम त्यात शिल्लक राहते. अंतिम टप्प्यातील विरल पाण्याचा रंग काढणे, एवढेच मर्यादित काम कवकांवर सोपविले तर ते त्यांच्या आवाक्यातील आहे. कच्च्या स्पेंट वॉशवर त्यांना सोडणे ही अपेक्षा अवास्तव होय.

कंपोस्ट खत : सूक्ष्मजीवांकडून रंगाचा प्रश्न प्रत्यक्षात सुटला, तो पाण्यात नव्हे तर गाळाच्या ढिगात. प्रेसमडच्या लांबट राशी रचून त्यांवर पचन झालेला स्पेंट वॉश थोडाथोडा फवारतात व यंत्राने राशी वरचेवर उलथतात. प्रेसमडच्या वजनाच्या सु. अडीचपट स्पेंट वॉश अशा रीतीने दीड-दोन महिन्यांत सामावून घेता येतो. राशीतील सूक्ष्मजंतू, किरणकवके व कवके यांच्या क्रियेने तापमान ६०° से. च्या वर चढते व पाण्याचे बाष्पीभवन होते. रंगद्रव्यांचा काही भाग विघटित होतो व उरलेला ह्यूमससदृश द्रव्यांत मिसळून जातो. मेलॅनॉयडिने व मातीतील ह्यूमिक द्रव्ये यांच्यात बरेच साम्य असल्याने पाण्यात दोष ठरणारा रंग मातीत दोष राहत नाही. पोटॅशियम व नायट्रोजन खतात टिकून राहतात. या पद्धतीची खरी अडचण पावसाळा ही आहे. चार महिने राशी उघड्यावर घालता येत नाहीत, घातल्यास रंगीत निचरा पावसाबरोबर ओढ्यात जातो. त्यामुळे पक्क्या, अभेद्य तळाचे आवार व निचरा गोळा करण्याची व्यवस्था आवश्यक असते. तिच्यात काटकसर झाली की, तक्रारी सुरू होतात.

पचन झालेले पाणी विरल करून सिंचनासाठी देण्याचीही प्रथा होती. उसाला त्यातील पोटॅशियम मानवते, पण निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत ते वारंवार दिल्यास क्षार साठतात.

नियमन व आधुनिक प्रवाह : महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्येच केला व त्यान्वये १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा असून राज्याने तो १९८१ मध्ये स्वीकारला. आसवनींच्या पाण्याची जैव-रासायनिक मागणी नदीत सोडण्यासाठी दर लिटरला ३० मिग्रॅ. व जमिनीवर सोडण्यासाठी १०० मिग्रॅ. यांहून अधिक असू नये, असे मानक ठरविण्यात आले. रंगाच्या बाबतीत मात्र शक्य तितका काढून टाकावा एवढेच म्हटले गेले, आकडा दिला गेला नाही. २००३ च्या केंद्रीय सनदेने मळीवर चालणाऱ्या आसवनींनी डिसेंबर २००५ पर्यंत नद्यांत पाणी सोडणे पूर्णपणे थांबवावे असे उद्दिष्ट ठेवले. रंगाला आकडा नसल्याची उणीव अशा रीतीने वेगळ्या वाटेने भरून निघाली, कारण बाहेर काहीच सोडावयाचे नसेल तर रंगाचे मानक लागत नाही.

या धोरणामुळे बहुअवस्था बाष्पनकांत स्पेंट वॉश आटवून दाट करणे व तो विशेष बाष्पित्रांत कोळसा अगर उसाच्या चोथ्याबरोबर जाळणे, ही पद्धत मोठ्या आसवनींत रूढ झाली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमामुळे (मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्के झाले) आसवनींची क्षमता वाढली व त्याबरोबर ही बाष्पित्रेही वाढली. राखेत पोटॅश शिल्लक राहते. मळीजन्य पोटॅश या नावाने त्याला २०२१ मध्ये खत-अनुदानाच्या योजनेत स्थान मिळाले. मळीऐवजी थेट उसाचा रस अगर धान्य आंबविणाऱ्या आसवनींच्या पाण्यात मेलॅनॉयडिने कमी असतात, त्यामुळे रंगाचा प्रश्न तेथे सौम्य असतो.

स्पेंट वॉश जाळणाऱ्या आसवनीतही सूक्ष्मजीवांचे काम संपत नाही. बाष्पनकातून निघणारी वाफ थंड केल्यावर मिळणारे पाणी रंगहीन व क्षारविरहित असले, तरी त्याबरोबर ॲसिटिक व तत्सम बाष्पनशील अम्ले, अल्कोहॉलाचे अंश व उग्र वासाची द्रव्ये येतात. ते अम्लधर्मी असल्याने तसेच वापरले तर नळ व शीतनमनोरे गंजतात आणि किण्वनासाठी घेतल्यास यीस्टची वाढ खुंटते. म्हणून ते प्रथम अवायुजीवी टाकीतून व नंतर वायुमिश्रित टाकीतून नेतात. रंगद्रव्य नसल्याने आणि अम्ले मिथेनजनकांच्या थेट आवडीची असल्याने हे पचन सुलभ असते. मात्र पाणी इतके शुद्ध असते की, सूक्ष्मजीवांना लागणारे नायट्रोजन, फॉस्फरस व अल्पप्रमाणातील धातू त्यात बाहेरून घालावे लागतात. गाळून घेतलेले हे पाणी शीतनमनोऱ्यांत व मळी विरल करण्यासाठी पुन्हा वापरले जाते.